बेडकीच्या भुवया

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे उरलेले नटबोल्ट. गाडी खोलून परत जोडली की मूठभर उरतातच, आणि गाडी तरीही चालते! ते कुठले, हे कुणी विचारायचं नसतं, गुपचूप डब्यात टाकायचं असतं. दुसरी गोष्ट किस्से. तेही असेच कामातून उरतात. माझा डबा आता इतका भरलाय की झाकण बसत नाही, म्हणून आज थोडा ओततो.

आमचं गॅरेज निपाणीच्या बाहेर, संकेश्वरकडं जाणाऱ्या हायवेच्या सर्व्हिस रोडला. 'आमचं' हे आपलं म्हणायला, खरं तर ते सुजाताआक्काचं. आक्कानं बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि नोकरी न शोधता शटर उघडलं. तिची आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आक्का म्हणते, "आजी तंबाखू चाळून शिंकायची, मी कार्बुरेटर फुंकून शिंकते. घराण्याची परंपरा!"

पत्र्याचं काम भरमाण्णाकडं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि हातोडा बोटावर पडला की दोन्ही. कापणं, जोडणं आणि रंग सर्जेरावाकडं. तो कागलहून रोज येतो आणि त्याचं कन्नड शून्य. मी कोपऱ्यात शिलाई मशीन टाकून बसतो, सीट कव्हरं शिवतो. सगळे मला गादीवाले म्हणतात. लोक गाडी घेऊन येतात आणि इंजिनाचं कौतुक करतात. अरे बाबांनो, बसता कशावर? इंजिनावर?

असो. तर आज फक्त बेडकीचे किस्से.

*

बेडकी म्हणजे आप्पांची गाडी. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल, बुटकी, दिवे वर आलेले. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्यापासून मला सुट्या भागांसाठी फोन यायला लागतील. आप्पांनी तरुणपणी ती बेळगावच्या कँपातून एका मिलिटरीतल्या साहेबाकडून घेतली होती.

आप्पा संकेश्वरच्या अलीकडचे ऊसवाले. माणूस इतका उंच, की आमच्या ऑफिसात शिरताना वाकतो आणि बाहेर पडताना विसरतो. ते आले की "जय जिनेंद्र" म्हणायचे, आक्का "जय भीम" म्हणायची, आणि भरमाण्णा गाडीखालून "नमस्कार री" म्हणायचा. मग चहा.

पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले, "आक्का, हिला रुंद चाकं बसवायची."

आक्का म्हणाली, "आप्पा, जुनी गाडी हाय. मूळ रूप कशाला बिघडवतासा? आहे तशी ठेवली तर लोक फोटो काढतील."

"लोकांनी फोटो काढून काय करू? मला हिला बसवायचीय गाडीत."

'हिला' म्हणजे काकूंना. मग आप्पांनी सगळं सांगितलं. लग्न नवं होतं तेव्हा दोघं या गाडीतून कणकुंबीला निघाले होते. जांबोटीच्या पुढं, जंगलातल्या एका वळणावर गाडी घसरली आणि चरीत जाऊन बसली. खरचटलंही नाही कुणाला. पण काकूंनी तिथंच सांगितलं, या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि ठेवला नाही! मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, घरात तीन गाड्या आल्या. काकू त्या सगळ्यांत बसल्या, बेडकीत नाही.

"आता गुडघं बोलायला लागल्यात दोघांचं," आप्पा म्हणाले. "एकदा तिच्यासंगट त्याच रस्त्यानं कणकुंबीला जायाचंय. लई वर्सं विचारतोय. परवा पैल्यांदा ती 'नको' म्हणाली न्हाय."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पाय बारके हाईत तिचे, घसरणारच. पाय रुंद करा, मग बघू."

भरमाण्णानं गाडीखालून तोंड बाहेर काढलं. "आप्पा, खरं सांगा. गाडी घसरली का तुम्ही घसरवली?"

"घसरली," आप्पा म्हणाले. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. नंतर किती वेळा विचारलं असेल, उत्तर तेवढंच!

*

कोल्हापुरातून रुंद रिमा आल्या, त्यावर रुंद टायर चढले. गाडीला बसवून बघितले तर चाकं अंगाच्या बाहेर. आखूड बाह्यांचा सदरा घातलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली बेडकी. आक्का म्हणाली, "चालवून तर बघू." आप्पा पांढरे कपडे घालून आले होते, तसेच निघाले.

अर्ध्या तासानं परत आले ते ओळखू येईनात. चाक बाहेर असलं की रस्त्यावरचं सगळं उचलून वर फेकतं, आणि गाडीला टप नाही. उसाच्या ट्रॅक्टरांनी सांडलेलं, बैलांनी टाकलेलं, टँकरनं गळवलेलं, सगळं आप्पांच्या टोपीवर!

"पोलिसानं अडवलं," आप्पा म्हणाले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, चाक भायेर आणि गाडी आत, ही कसली फॅशन? मडगार्डाच्या भायेर चाक चालत न्हाय. गाडी बाजूला घ्या."

"मग?"

"घेतली. बाजूला खड्डा हुता. पाण्यानं भरल्याला."

त्या पोलिसाची खाकी नुकतीच इस्त्री केलेली होती म्हणे. त्यानं रुमाल काढला, तोंड पुसलं, टोपी झटकली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आता पटलं का, मडगार्ड कशाला लागतंय ते?"

*

म्हणून फेंडर फ्लेअर. आक्कानं मोबाईलवर फोटो दाखवले. मडगार्डाच्या काठावर बाहेर आलेली पत्र्याची कमान बसवायची, म्हणजे रुंद चाक तिच्याखाली झाकलं जातं. दिसतंही झोकात.

भरमाण्णानं फोटो जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाला, "हुब्बु!"

हुब्बु म्हणजे कन्नडमध्ये भुवई. झालं! फ्लेअर हा शब्द आमच्या गॅरेजात पुन्हा कुणी उच्चारला नाही. पुढच्या भुवया, मागच्या भुवया, डावी भुवई, उजवी भुवई. आप्पांनाही शब्द आवडला. घरी जाऊन मोठ्या उत्साहानं काकूंना सांगितलं, की बेडकीला आता भुवया करायच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्यानं आले.

"काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाली, पाय रुंद करा म्हटलं तर भुवया कोरत बसलाय! गाडीला पार्लरमधी घातलीसा व्हय?"

*

भुवया बसवण्याआधी जुन्या मडगार्डाचा आतला काठ थोडा कापावा लागतो, नाहीतर वळताना टायर त्याला घासतो. थोडा म्हणजे बोटभर. सर्जेराव ग्राइंडर घेऊन बाहेर, आणि भरमाण्णा चाकाच्या पोकळीत डोकं घालून आत, कुठंवर कापायचं ते बघायला. ग्राइंडरचा आवाज असा, की शेजारच्या ढाब्यावरच्यांनी टीव्ही बंद केला.

बोटभर झालं. भरमाण्णा आतून ओरडला, "साक! साक!"

साक म्हणजे कन्नडमध्ये पुरे. सर्जेरावानं ऐकलं, "चाक! चाक!" त्याला वाटलं, चाकापर्यंत ये म्हणतोय.

तो गेला.

ठिणग्या डोक्यावर यायला लागल्या तसा भरमाण्णा जिवाच्या आकांतानं, "साक! साक! साक!" आणि सर्जेराव घामाघूम होत, "येतोय की! दम धर जरा!"

आवाज थांबला तेव्हा मागच्या डाव्या मडगार्डाला अशी खिंड पडली होती की मी माझ्या मशीनवर बसून पलीकडची आक्का बघू शकत होतो.

"साक म्हटलं न्हवं तुला!"

"व्हय की! म्हणून तर चाकापतोर आलो!"

आणि नेमके त्याच वेळी आप्पा आले. वाकले, खिंडीत हात घातला, नुसते बघत राहिले. खरं सांगतो, त्या क्षणी आम्हाला चौघांनाही रडू यायचं बाकी होतं. एवढ्या वर्षांनी काकू 'बघू' म्हणाल्या होत्या आणि आम्ही गाडीच फोडून ठेवली होती.

"आता?" आप्पा म्हणाले.

आक्कानं घसा साफ केला. "आता भुवया जरा जाड होतील, आप्पा."

त्या दिवसापासून गॅरेजात नियम झाला, थांबायचं असेल तर 'बास' म्हणायचं. बास दोन्हीकडं बासच असतं.

*

भुवई जाड करायची म्हणजे मोठा गोल हवा. पत्रा कशावर वाकवायचा? पाइप लहान पडला, ड्रम मोठा पडला. भरमाण्णा दिवसभर गावातल्या गोल वस्तूंना टायर लावून बघत फिरला. शेवटी आप्पांना आठवलं, घरात पुरणपोळीच्या दिवशी कणीक मळायची पितळी परात आहे. जाड काठाची, जुनी. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून आणली, टायरवर ठेवली. अगदी मापात!

चार दिवस भरमाण्णानं त्या परातीच्या काठावर पत्रा ठोकला. टिण टिण टिण. मला त्या आवाजानं झोपेत भूक लागायची.

मग सणाचा दिवस आला. आक्काचा फोन वाजला. समोरून काकू. आक्कानं फोन कानापासून लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू येत होतं.

"कणीक कशात मळू मी? टायरात?"

परात तातडीनं पाठवली. सर्जेरावानं पुसून दिली, पण घाईत काठाला लागलेला लाल प्रायमर राहून गेला. संध्याकाळी आप्पा पोळ्यांचा डबा घेऊन आले. डब्याबरोबर काकूंचा निरोपही होता, "परातीला बी भुवई काढून दिलीसा, उपकार झाले."

पोळ्या मात्र फर्मास होत्या. भरमाण्णा खाताना म्हणाला, "बाई रागावल्यात खरं. पण मनातनं न्हाय. मनातनं रागावल्याली बाई पोळीला एवढं तूप लावत न्हाय."

*

आता माझा किस्सा. इंजिनवाल्यांनीही ऐकावा.

सीटा मी नव्यानं करणार होतो. डावी सीट उसवली, नेहमीसारखी. नारळाचा काथ्या, कुजका फोम, एक जुनं नाणं. उजवी, म्हणजे चालवणाऱ्याची सीट उसवली आणि आतून निघाली एक वाकळ! जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली, चार पदरी घडी घालून फोमखाली दडपलेली. सीट वीतभर उंच करायला.

मी ती बाजूला टाकली. आप्पांना म्हणालो, "कुणी गाढवपणा केलता हा? तुमच्यासारख्या ताडाला उंच सीट? काच तुमच्या छातीला लागत असंल."

आप्पा म्हणाले, "ती परत घाल."

"आप्पा, वाकळ काढली तर तुम्ही काचेच्या आड बसाल. आत्ता वाऱ्यात बसता. चिलटं खायला लागतात न्हवं तुम्हाला?"

"लागतात."

"मग?"

"घाल म्हंतो न्हवं. त्याच घडीत."

मी आक्काकडं बघितलं, आक्कानं खांदे उडवले. गिऱ्हाईक राजा असतो, आणि राजाला चिलटं आवडत असतील तर आपण कोण? वाकळ उन्हात घातली, झटकली आणि त्याच घडीत आत घातली. वरून चॉकलेटी रेक्झिन, दुहेरी शिलाई. इतकी देखणी सीट झाली की मी स्वतःच बसून बघितलं. मी काही फार उंच नाही, तरी डोकं काचेच्या वर गेलं. आतून हळहळलो. एवढं काम करायचं, आणि मालक त्यावर उंटासारखा बसणार!

*

भुवया बसल्या, रंग झाला. आता वजन टाकून ट्रायल. दोन माणसं बसली की गाडी दबते, तेव्हा टायर भुवईला घासतो का ते बघायचं. आक्कानं साळसूदपणे विचारलं, "आप्पा, काकूंचं वजन किती असंल?"

आप्पांनी आधी मागं वळून बघितलं, रस्ता बघितला, मग हळूच म्हणाले, "दोन ढेपा. पण तिला सांगू नका."

उसाच्या मुलखात वजन गुळातच सांगतात. आप्पांनी घरच्याच दोन ढेपा आणल्या. सर्जेरावानं एक उचलली आणि डाव्या सीटवर ठेवायला निघाला.

"तिकडं?" आप्पा म्हणाले.

"मग काय तुमच्या मांडीवर ठेवू?"

ढेपा डाव्या सीटवर बसल्या, आप्पा उजव्या, आणि स्वारी निघाली थेट बेळगावच्या पुढं सांबऱ्यापर्यंत, विमानतळाच्या रस्त्याला. ऊन रणरणत होतं. गाडी कुठंही घासली नाही, वळणाला सुतासारखी वळली. आप्पा इतके खूश, की सांबऱ्यात चहा प्यायला थांबले आणि गप्पांत रमले.

गूळ उन्हात काय करतो, हे ऊसवाल्याला मी सांगायला हवं का?

बेडकी परत आली तेव्हा माझ्या दुहेरी शिलाईतून पाक झिरपत होता. आणि त्यामागून मुंग्या. सकाळी येऊन बघतो तर निपाणीतल्या सगळ्या मुंग्या भुवईवरून चढून सीटवर उतरत होत्या. मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. डावी सीट पुन्हा उसवली, धुतली, शिवली.

पण खरी पंचाईत पुढं झाली. सर्जेरावानं ढाब्यावर कुणाला तरी रंगवून सांगितलं, त्यानं बाजारात, आणि बाजारातून ते काकूंच्या कानावर गेलं.

आप्पा आले ते थेट माझ्याजवळ स्टुलावर बसले. "संपलं, गादीवाले. म्हणाली, ढेपच बसवा आता गाडीत आणि ढेपंलाच घिऊन जावा कणकुंबीला. मी येत न्हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा मोठा माणूस, आणि कोपऱ्यात स्टुलावर घडी होऊन बसला होता. मला फार वाईट वाटलं. मी मशीन थांबवलं.

"तुम्ही काय म्हणालासा मग?" आक्कानं विचारलं.

"म्हटलं, गाडी गॅरेजातच ऱ्हाऊ दे. मला एकट्याला नको ती."

*

त्यानंतर एका सकाळी गॅरेजसमोर रिक्षा थांबली. आतून एक बुटक्या, गोऱ्या, ठसठशीत बाई उतरल्या, पदर कमरेला खोचलेला. मागून आप्पा, तोंडावर 'मला काही विचारू नका' असा भाव. फोनवर ऐकलेला आवाज आम्ही ओळखला आणि चौघंही उभे राहिलो.

"ढेप आलीया," काकू म्हणाल्या. "कुठाय गाडी?"

सर्जेराव कंप्रेसरच्या मागं गेला.

काकूंनी बेडकीभोवती एक फेरी मारली. भुवईवरून बोट फिरवलं, टायर चपलेनं दाबून बघितला, खाली वाकून आत बघितलं. भरमाण्णा देवळात उभा असल्यासारखा हात जोडून उभा.

"आता झाले पाय," काकू म्हणाल्या. "बरं केलंसा."

आप्पांचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! त्यांनी लगबगीनं डावं दार उघडून धरलं.

काकू त्या दारासमोरून सरळ पुढं गेल्या. गाडीला वळसा घालून उजवीकडं आल्या. चपला काढल्या, आप्पांच्या हातात दिल्या आणि चालवणाऱ्याच्या सीटवर बसल्या. जरा हलून सावरल्या, स्टिअरिंगच्या वरून समोर बघितलं. काच बरोबर डोळ्यासमोर! ना वर, ना खाली.

"वाकळ तीच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"तीच," आप्पा म्हणाले. आणि डाव्या सीटवर बसले, मांडीवर चपला घेऊन, नेहमीची जागा असल्यासारखे.

शेवटी आक्कानंच धीर केला. "काकू, तुम्हाला... म्हंजे, चालवायला..."

काकूंनी चावी फिरवली. बेडकी पहिल्या हाकेला उठली. एका दमात, माझं मशीन आणि कंप्रेसर यांच्यामधून, कुठंही न घासता त्यांनी गाडी मागं घेतली. भरमाण्णा सवयीनं "साक, साक!" ओरडला तर काकू म्हणाल्या, "कळतंय मला!" गेटाशी गाडी थांबली. आक्का धावत जवळ गेली.

"काकू, जपून जावा बरं. ते कणकुंबीच्या वाटंवरचं वळण..."

"वळणाला काय झालंय?" काकू म्हणाल्या. "म्हस आडवी आलती तवा."

"म्हस न्हवती गं," आप्पा चपला सावरत म्हणाले, "सावली हुती झाडाची."

"म्हस हुती."

"अगं, सावलीच हुती म्हंतो मी. किती वर्सं झाली आता, मान्य कर की."

"आवं, म्हस हुती म्हंते न्हवं!"

आणि बेडकी रस्त्याला लागली.